तुळशीच्या मातीतली हाडं

अंतरा पळणीटकर नर्सरीत काम करते, हे तिच्या घरच्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत पळणीटकर उपाध्यायांचं घर. महाराष्ट्रातून कोणी आईवडलांचं श्राद्ध करायला येई, कोणी अस्थी घेऊन येई, आणि उतरायला याच घरी. त्यातल्या कोणी सहज विचारलं, "मुलगी काय करते?" तर आई शरदिनीबाई म्हणायच्या, "हॉर्टिकल्चर करते." वडील बिंदुमाधवशास्त्री म्हणायचे, "वनस्पतिशास्त्रात आहे." भाऊ विश्वजीत काहीच म्हणायचा नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. मुलगी डोक्यावर शेणखताची घमेली वाहते, हे मात्र कोणाच्या तोंडून निघत नसे. जणू पोरगी रोज सकाळी चोऱ्या करायलाच जात होती.

अंतराला याचा संताप यायचा. तिच्याकडे संताप मुळातच मुबलक होता आणि खरं सांगायचं तर ती या कामाला लागली तीही संतापातूनच.

गणपतीच्या पूजेला एकवीस प्रकारची पत्री लागते. काशीतल्या मराठी घरांची त्या बाबतीत आधीच पंचाईत. इथल्या माळ्यांना आपली पत्री ठाऊक नाही आणि आपल्याला इथल्या झाडांची नावं ठाऊक नाहीत. चौखंब्यातला फूलवाला दरवर्षी एक जुडी बांधून द्यायचा आणि ती आणणं हे लहानपणापासून अंतराचं काम. कॉलेज सुटल्यावर एका वर्षी तिनं ती जुडी सोडून पानं वेगवेगळी मांडली. निम्मी जुडी पेरूच्या पानांची निघाली. देवघरात वडील एकेक नाव घेत होते. नाव अर्जुनाचं, पान पेरूचं. नाव शमीचं, पान पेरूचं. गणपतीला त्या दिवशी पेरूची सबंध बागच मिळाली असावी.

"बाबा, हे पेरूचं आहे," ती म्हणाली.

"भाव महत्त्वाचा, अंतरा. देव पान बघत नाही," वडील म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

देव बघत नसेल, पण अंतरा बघत होती. फसवणारा फसवतो आणि फसणारा त्याला भाव म्हणतो, ही गोष्ट तिला सहन होण्यातली नव्हती. पुढच्या वर्षी ती स्वतः शोधायला निघाली. तेव्हा ती शहराच्या लंका नावाच्या भागात बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जायची. परीक्षा दोनदा दिली होती, दोनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा द्यायची इच्छा फक्त घरच्यांनाच होती. क्लासच्या पुढे, सामनेघाटाच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला राजमणी मौर्यांची नर्सरी. म्हाताऱ्या मौर्यांनी तिची यादी ऐकली, धोतर सावरत उठले आणि शमी, अर्जुन, हादगा, डोरली, एकेक झाड दाखवत गेले. ती परत आली ती पिशवीभर खरी पत्री घेऊन. गणपती झाल्यावर ती पुन्हा गेली आणि क्लासला न जाता तिथेच उभी राहून तिनं विचारलं, काम मिळेल का.

मौर्य हसले. "बिटिया, इहाँ गोबर उठावे के पड़ी."

"उठाऊँगी."

"घर में का कहबू?"

घरात काय सांगायचं याचा विचार तिनं केलाच नव्हता. तो घरच्यांनीच पुढे केला, हॉर्टिकल्चर म्हणून.

पहिले काही महिने तिनं फक्त पिशव्या भरल्या. पूर ओसरल्यावर गंगा काठाला जो गाळ सोडून जाते तो, त्यात कुजलेलं शेणखत, वाळू, सरसोंची, म्हणजे मोहरीची, भिजवलेली पेंड. त्या पेंडीच्या वासानं पहिल्या दिवशी तिला उलटी झाली. बाकीचे मजूर बघत होते. पंडिताची पोर आता पळणार, अशी त्यांची खात्री होती आणि त्यांच्यात पैजही लागली असावी. ती तोंड धुऊन आली आणि पुन्हा घमेलं उचललं. तेव्हापासून तिला तिथे सगळे 'पंडिताइन' म्हणायला लागले. आधी ते चिडवणं होतं, पुढे ते तिचं नावच झालं.

चुका तिनं भरपूर केल्या. जेठाच्या रणरणत्या दुपारी पाइप घेऊन कोवळ्या रोपांवर पाणी मारलं आणि संध्याकाळपर्यंत पानं करपली. पण सगळ्यात मोठी चूक गुलाबाच्या काड्यांची. वाफ्यात काड्या खोचल्या होत्या आणि हिला उत्सुकता, मुळं फुटली की नाही. रोज सकाळी येऊन एकेक काडी हळूच उपटून बघायची आणि परत खोचायची. अख्खा वाफा मेला. कलमांचं काम बघणारी फुलमती नावाची बाई होती, तिनं हे पाहिलं आणि अंतराच्या हातावर चापटी मारली. लेकरू झोपलंय का, ते बघायला लेकराला उठवतात का, असं तिनं आपल्या भाषेत विचारलं. अंतरानं दुसरा वाफा लावला आणि त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून त्या बाजूनं जाणंच सोडलं.

फुलमतीनंच तिला डोळा भरायला शिकवलं. रानगुलाबाच्या सालीला बारीक छेद द्यायचा, चांगल्या गुलाबाचा डोळा त्यात बसवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचं. पहिल्या हिवाळ्यात तिचे बहुतेक डोळे वाळले. दुसऱ्या हिवाळ्यात फुटू लागले. तिसऱ्या वर्षी मौर्य गिऱ्हाइकांना सांगायला लागले की गुलाब पंडिताइनकडून घ्या.

आणि या वर्षी, नवरात्र संपल्यावर, मौर्यांनी तिला बोलावून घेतलं. पुलापलीकडे रामनगरच्या बाजूला त्यांनी एक जमीन खंडानं घेतली होती. तिथे शेड उभारून फक्त कलमांचं काम करायचं, गुलाब, लिंबू, आंबा. मौर्यांचे पाय आता चालत नव्हते आणि दोन्ही मुलगे सुरतेला गिरणीत चिकटलेले. "संक्रांत से ऊ तू सम्हार," ते म्हणाले. ज्यांच्या काड्या घ्यायच्या ते मातृवृक्ष तिनं निवडायचे, माणसं तिनं ठेवायची, काय लावायचं ते तिनं ठरवायचं. फुलमती सोबतीला येणार होती.

अंतरानं होकार तिथल्या तिथे दिला नाही. घरी सांगून येते, म्हणाली. आता इथे कोणालाही वाटेल की एवढ्या रागीट मुलीनं घरी विचारायला कशाला जायचं? पण ती त्याच घरातली होती. वडिलांनी एकदा तरी म्हणावं, जा, चांगलं काम आहे, एवढीच तिची इच्छा होती. तीच आडवी आली.

कारण मध्ये तुळशीचं लग्न आलं.

पळणीटकरांच्या चौकातली तुळस त्या पावसाळ्यात मरायला टेकली होती. वृंदावनाच्या तळाचं भोक कधीचं बुजलेलं. पाणी साचून मुळं कुजली होती आणि पानं पिवळी पडून गळत होती. आई रोज तिच्यापुढे दिवा लावून हात जोडत होती आणि वर तांब्याभर पाणी ओतत होती. म्हणजे रोग्याला रोज थोडं थोडं बुडवत होती. अंतरानं एका रविवारी वृंदावन रिकामं केलं, भोक मोकळं केलं, कुजलेली मुळं कापली आणि नर्सरीतून आणलेली पिशवीभर माती भरून तुळस पुन्हा लावली. कार्तिकात तुळस अशी काही फोफावली, की येणारा जाणारा थांबून बघत होता.

लग्नाला ब्रह्माघाट, दुर्गाघाटची सगळी मराठी घरं आली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ऊस-आवळे वाटून झाले. सकाळीच तोडून ठेवलेली तिची पानं घालून तीर्थ दिलं गेलं. यात्रेकरूंनीही घेतलं. मालविका आत्यानं, म्हणजे बिंदुमाधवशास्त्रींच्या थोरल्या बहिणीनं, तुळशीवरून हात फिरवत विचारलं, "काय घातलंस गं हिला? आमची बघ, काडी झालीये नुसती."

आणि अंतरानं सांगितलं. कोणी आपल्या कामाबद्दल या घरात पहिल्यांदाच विचारत होतं. तिला एवढा आनंद झाला, की ती थांबलीच नाही. गंगेचा गाळ, शेणखत, वाळू, सरसोंची पेंड, आणि हाडांचा चुरा.

"कसला चुरा?"

"हाडांचा. त्यानं मुळं धरतात."

"कोणाची हाडं?"

"जनावरांची," अंतरा म्हणाली. "मेलेल्या जनावरांची. म्हशी असतील, आणखी कोणती असतील, पोत्यावर थोडंच लिहिलेलं असतं?"

आत्यानं हात झटकन मागे घेतला आणि साडीला पुसला. मघाशी ज्यांनी ज्यांनी तीर्थ घेतलं होतं त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. एक काकू मोरीकडे धावल्या. तेवढ्यात अंतराच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण आपण काय चुकलो, हे मात्र तिच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्याच दिवशी तुळस उपटली गेली. विश्वजीतनं ती घाटावर नेऊन गंगेत सोडली आणि वृंदावनातली माती बादल्या भरभरून तिच्या मागोमाग. गंगेत हाडं सोडणं हाच ज्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, त्या घरानं आणखी थोडी सोडली, एवढंच. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं, आणि मग बिंदुमाधवशास्त्रींनी मुलीला समोर बसवलं. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. ते म्हणाले, "ते काम सोडायचं आणि पंचगव्य घ्यायचं. मग झालं गेलं संपलं. तोवर देवघरात यायचं नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही. ताट बाहेर."

"बाबा, ओसरीच्या खुंटीला काय टांगलंय?" अंतरानं विचारलं.

वडिलांनी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. बार्शीहून आलेल्या माणसांचा लाल फडक्यात बांधलेला कलश होता तो.

"तुम्ही उद्या तो सोडणार. हातानं हाडं वेचणार, दुधानं धुणार. मग आंघोळ करून जेवायला बसणार. मीही नर्सरीतून आल्यावर आधी आंघोळ करते, मग घरात पाऊल टाकते."

"त्या अस्थींना नाव असतं, गोत्र असतं," वडील शांतपणे म्हणाले. "त्यांचं कोणीतरी रडत इथपर्यंत आलेलं असतं. तुझ्या पोत्यातल्या हाडांना कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून ती घाण?"

"नियम मी केला नाही, अंतरा."

"पेरूच्या पानाच्या वेळी भाव चालला होता. तेव्हा नियम कुठे गेला होता?"

ते उठून संध्येला गेले. आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पोरी, कशाला शब्दाला शब्द वाढवतेस? पंचगव्य म्हणजे काय विष आहे?" पंचगव्य विष नव्हतं. अंतरानं ते बादलीभर प्यायलं असतं. पण त्याच्यासोबत काम सोडायचं होतं, आणि त्याबद्दल आई अवाक्षर बोलत नव्हती.

तर ताट बाहेर गेलं. चौकाच्या पायरीवर, एक वेगळं ताट, एक वेगळी वाटी. आई वरून वाढायची, पोळी हातभर अंतरावरून ताटात पडायची. पायरी अंतराला नवी नव्हती. महिन्यातले चार दिवस ती बारा वर्षांची झाल्यापासून तिथेच जेवत होती. आता सगळा महिनाच त्या चार दिवसांचा झाला होता. पोळी ताटात पडली की तिच्या कानशिलाची शीर उडायची. ती जेवायची, ताट घासायची आणि सकाळी कामावर जायची. काम तिनं सोडलं नाही. मौर्यांना होकारही दिला नाही. म्हातारा रोज विचारायचा आणि ती म्हणायची, थांबा.

आत, स्वयंपाकघरात, विश्वजीत पाटावर बसून जेवायचा. हाच विश्वजीत लंकेवरच्या ठेल्यावर अंडारोल खातो, हे अंतराला माहीत होतं. आईलाही माहीत होतं, कारण त्याचे शर्ट तीच धूत होती. तो तसाच घरी यायचा, पाय धुवायचा आणि देवघरात शिरायचा. आपला तो बाब्या म्हणतात ते असं. त्याच्या तोंडाचा वास कोणी घेऊन बघत नव्हतं.

कार्तिक संपत आला. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला पालटतो, त्यामुळे बाहेर सगळ्या बनारसला अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, कधीच लागला होता. पळणीटकरांच्या पंचांगात मात्र अजून कार्तिकच चालू होता. मार्गशीर्ष लागला की चांगला दिवस बघून नवी तुळस लावू, असं ठरलं. रोप आणायचं काम विश्वजीतवर आलं. वडिलांनी बजावलं होतं, रोप शुद्ध पाहिजे.

विश्वजीत स्कूटी घेऊन आला तो थेट मौर्यांच्या नर्सरीत. अंतरा तेव्हा गुलाबाच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडवत होती.

"तू इथे कशाला?"

"तुळस पाहिजे. अच्छी वाली."

"विश्वजीत, इथे सगळ्या कुंड्यांत तीच माती आहे. तुळशीच्या तर मीच भरल्यात."

"मालूम आहे मला. चौक बाजारातल्या ठेलेवाल्याला पण विचारलं. तो म्हणाला, मौर्य की नर्सरी का माल है भैया. मग म्हटलं डायरेक्ट इथूनच घेऊ, सस्तं पडेल."

अंतरानं हातातली पट्टी खाली ठेवली. "आणि बाबांना?"

"बाबांना कोण सांगणार आहे? तू सांगणार? मी सांगणार?" तो स्कूटीच्या आरशात केस नीट करत होता. "बघ, तुझी गलती हाडांची नाहीच आहे. तू बोललीस, ही गलती आहे. सगळ्यांसमोर. आता चुप रहा. मी बाबांना मनवतो. ती रामनगरची शेड होणार आहे ना तुझी, मौर्य सांगत होता आत्ता? जा तिकडे आरामसे. पंचगव्य घे, घरात ये, काम पण कर. कोणी काही बोलणार नाही. बाबा माझं ऐकतात."

ऐकत होते, यात शंकाच नव्हती. अंतरानं त्याला रोप दिलं. गिऱ्हाईक होता तो, आणि गिऱ्हाइकाला रोप देणं हे तिचं काम होतं.

आणि मग तिनं विचार केला. उगाच तिला देवी करू नये. तिनं खरंच विचार केला. तिला हवं होतं ते सगळं तिथे समोर होतं. स्वतःची जमीन नसली तरी स्वतःच्या हातात असलेली, स्वतःच्या निवडीची झाडं, सोबतीला फुलमती, आणि घरात पाटावर ताट. त्यासाठी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. त्या घरात सगळ्यांना ते किती सहज जमत होतं. आईला जमत होतं, विश्वजीतला जमत होतं. वडिलांना एकट्यांनाच जमत नव्हतं. त्यांना रोप कुठलं ते कळलं असतं तर त्यांनी नियम पाळलाच असता, चुकीचा का होईना. याच गोष्टीनं तिला झोपू दिलं नाही. चुकीचा माणूस खरा होता आणि त्याला सगळे मिळून मूर्ख बनवत होते. त्यात आता तिनंही हात घालायचा होता.

नव्या तुळशीची पूजा सकाळी झाली. अंतरा पायरीवर उभी होती, पूजेत यायला मनाईच होती. नवं रोप वृंदावनात डोलत होतं, खाली तिनं स्वतः भरलेला मातीचा गोळा जसाच्या तसा. वडिलांनी पळीभर तीर्थ घेतलं, त्यात पान टाकलं आणि हात तोंडाकडे नेला.

"बाबा, ते घेऊ नका."

हात थांबला. "का?"

"रोप मौर्यांच्या नर्सरीतलं आहे. माती तीच आहे. मी भरलेली."

वडिलांनी तीर्थ वृंदावनाच्या पायाशी ओतलं. मग विश्वजीतकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"बाबा, हर जगह वही है. पूरे बनारस में कुठेही जा..."

"तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारतोय."

"हो," विश्वजीत म्हणाला.

बिंदुमाधवशास्त्रींनी पळी ताम्हणात ठेवली आणि बायकोला सांगितलं, "विश्वजीतचं ताट बाहेर मांडा."

त्या दुपारी पायरीवर दोन ताटं होती. विश्वजीत तोंड फुगवून बसला होता. "खुश?" त्यानं विचारलं. अंतरा खरंच खूश होती. त्याच्या ताटात पोळी वरून पडली तेव्हा आईला हुंदका आला, आणि तरीही अंतराला वाईट वाटलं नाही. तिच्या ताटात पोळी पडताना हा हुंदका आला नव्हता. तिला वडिलांचा अभिमान वाटत होता. कठोर असेल, उलटा असेल, पण माणसाचं माप एक आहे. अशा माणसाशी भांडता येतं. आज ना उद्या याला पटवता येईल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. नर्सरीत जाऊन तिनं मौर्यांना सांगितलं, संक्रांतीपासून येते, घरचं मी बघते.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी घरी आली तेव्हा पायरीवर एकच ताट होतं. तिचं.

आत विश्वजीत पाटावर बसला होता. अंगावर सोवळं, कपाळाला गंध. ओसरीत नगरकडची माणसं बसली होती आणि खुंटीला नवा कलश होता.

"पंचगव्य घेतलं त्यानं सकाळी," आई हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी कुठल्या कुठे गेली होती. "अगं, घाटावर कोण जाणार मग? यांचे गुडघे धरलेत थंडीनं. नगरची माणसं आलीत एवढ्या लांबून. त्याचं काम आहे ना."

"माझंही काम आहे," अंतरा म्हणाली.

"तुझ्या कामाचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं, आणि अंतराच्या अंगाची लाही झाली ती त्यानंच.

ती वडिलांच्या खोलीच्या दारात गेली. उंबरा ओलांडला नाही. ते गुडघ्यांना तेल लावत बसले होते.

"बाबा, त्याला काही सोडायला सांगितलंत?"

"त्यानं प्रायश्चित्त घेतलं. तू घे, तूही आत ये."

"तसं नाही. मला काम सोडायला सांगितलंत. त्याला काय सोडायला सांगितलंत? खोटं बोलणं? तुम्हाला फसवणं?"

वडिलांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. पेरूच्या पानाला त्यांच्याकडे उत्तर होतं, हाडांनाही होतं. आता ते भिंतीकडे बघत म्हणाले, "घाट चालला पाहिजे, अंतरा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर ती कदाचित आणखी काही दिवस पायरीवर जेवली असती.

तिनं कपड्यांची पिशवी भरली. फार काही नव्हतं. फुलमतीच्या शेजारी एक खोली रिकामी होती, पुलाच्या अलीकडे. शेड उभी राहीपर्यंत तिथे राहता येणार होतं. विश्वजीत घाटावर गेला होता. वडील खोलीतून बाहेर आले नाहीत. आई मात्र दारापर्यंत मागून आली. अंतराला वाटलं, ही थांब म्हणेल.

आईनं पदराची गाठ सोडली. आत गेल्या वर्षीच्या वाळलेल्या मंजिऱ्या होत्या.

"यांनी सांगितलंय, रोप नको आता कुठलंच. गंगेची माती आणून बी टाकायचं," आई म्हणाली. "वृंदावन रिकामं बघवत नाही गं. आमच्या हाताला नाही येत. तेवढं पेरून जा. तुझ्या हाताला येतं."

अंतरानं पिशवी खाली ठेवली. मंजिऱ्या घेतल्या, तळहातावर चोळल्या आणि फुंकर मारली. फोलकटं उडून गेली. काळं बारीक बी हातावर राहिलं. चांगलं होतं बी. पूस महिना, म्हणजे पौष, तोंडावर आला होता, या थंडीत ते उगवलं नसतं. पण उबेला ठेवलं, वर काच झाकली, तर तिच्या हाताला आलंही असतं.

"पेरते," ती म्हणाली. "पेरून आत येते, आणि पाटावर बसून जेवते. वाढशील?"

आईनं मान वळवून वडिलांच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत तेलाची वाटी वाजली. आई तशीच मान वळवून उभी राहिली.

अंतरानं तिचा हात हातात घेतला, बी तिच्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं एकेक करून मिटली आणि चपला घातल्या.